एका दिवसात जुन्नर : गड नको, बाजारपेठ बघायची आहे (माणसं १८)

पायवाट

मंडळी मदत पाहिजे. पुढच्या महिन्यात एका रविवारी आमच्या सोसायटीतले १८ जण पुण्याहून जुन्नरला जातोय, सकाळी निघून रात्री घरी. सगळ्यात लहान मेंबर ७ वर्षांचा, सगळ्यात मोठी माझी आई, वय ७४.

जुन्नर म्हटलं की शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, मासवडी, झालं, चला परत. मी स्वतः ४ वेळा असाच जाऊन आलोय आणि चारही वेळेला गावातून गाडी नुसती पुढे गेली, खाली पाय ठेवला नाही. ह्या वेळेला मला गावच बघायचंय, बाजाराचं गाव म्हणून. सोपारा-कल्याणच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढायचा, घाटमाथ्यावरचं पहिलं मोठं ठाणं जुन्नर, तिथून पुढे पैठण. म्हणजे सातवाहनांच्या काळापासूनची पेठ आहे ही आणि आपण तिथे काय बघतो तर पार्किंग.

तर प्लॅन असा की ५:३० ला निघून आधी थेट नाणेघाट गाठायचा, मग माल जसा यायचा त्याच दिशेने घाटाकडून जुन्नरला यायचं, वाटेत लेणी, मग बाजार, आणि वेळ उरला तर शिवनेरी. बसेल का एवढं? रविवारी आठवडे बाजार असतो एवढं माहितीये.

चिंचगुळ

"वेळ उरला तर शिवनेरी" वाचून हसू आलं, राग मानू नका. मी २२ माणसांची ट्रीप काढलीये एकदा, त्यानंतर ६ महिने भावजयीशी बोलणं बंद होतं. १८ माणसांत "१० मिनिटांचा चहा" हा प्रकारच नसतो. एकाचा बिनसाखरेचा असतो, दोघं बाथरूमच्या रांगेत, एक पोरगं गाडीत झोपलेलं म्हणून त्याची आई गाडीत, तिला चहा नेऊन द्यायला नवरा, आणि सगळे बसले की कळतं की एक काका समोरच्या टपरीवर पेपर वाचतायत. प्रत्येक थांबा ४० मिनिटं धरा. तुमच्या प्लॅनमध्ये नाश्ता-जेवण धरून ६ थांबे आहेत म्हणजे ४ तास नुसते चढण्या-उतरण्यात गेले.

मूळचा_जुन्नरचा

पायवाट, गावात उतरायचं म्हणताय ह्याबद्दल आधी आभार. पण प्लॅन उलटा आहे.

बाजार दुपारी तुमच्यासाठी थांबणार नाही. पश्चिमेकडच्या गावांतली, आदिवासी पट्ट्यातली माणसं सकाळच्या एसटीने नाहीतर जीपने येतात, आणलेलं विकतात, मीठ-मिरची-तेल घेतात आणि परतीची गाडी धरतात. तुम्ही नाणेघाट करून २ वाजता आलात तर तुम्हाला प्लास्टिकच्या बादल्या आणि मोबाईलची कव्हरं दिसतील, ती तुमच्याकडे पण मिळतात. ९ ला बाजारात पाहिजे. आणि गाडी पेठेत घालू नका प्लीज, रविवारी आत मिनीबस घुसली की आम्ही सगळे मिळून ती रिव्हर्स काढतो आणि ड्रायव्हरला दोन गोष्टी ऐकवतो. बाहेर लावा, चालत या.

नाणेघाट गावातून तीसेक किलोमीटर आहे, आपटाळे, चावंड करत घाटघर. रस्ता वळणांचा, तास-सव्वा तास धराच. दुपारी जा, घाटाचं तोंड पश्चिमेला आहे त्यामुळे ऊन तिरपं झाल्यावर खालचं कोकण जास्त छान दिसतं. पण अंधार पडायच्या आत तिथून निघा, आमच्याकडे बिबट्या ही काही बातमी नसते.

लेण्याद्री आणि शिवनेरी दोन्ही सोडा. किंवा नाणेघाट सोडा. तिन्ही एका दिवसात होत नाही, आणि केलंत तर कुठलंच होत नाही.

गडवाट_२

म्हणजे शिवरायांचं जन्मस्थान सोडून लोक भाजीबाजार बघायला जाणार?? काय दिवस आलेत. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्या जागेची आहे तिथे डोकं टेकवायला तुमच्याकडे २ तास नाहीत? शिवाई देवीचं देऊळ, गंगा-जमुना टाकी, सात दरवाजे, कडेलोट टोक, हे सगळं सोडून मीठ-मिरची. धन्य.

ब्राह्मी_शिकतेय

गडवाटदादा, रागावू नका पण खुद्द महाराज १६५७ मध्ये जुन्नरला आले तेव्हा पेठेतच आले होते की :) रात्री तट चढून आत शिरले आणि ३ लाख होन (सोन्याची नाणी) आणि २०० घोडे घेऊन गेले. ३ लाख होन काही गडावरच्या टाक्यात नव्हते, शहरात होते. एवढा पैसा गावात का होता हाच तर पायवाट ह्यांचा प्रश्न आहे.

आणि तो पैसा जुना आहे. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीची सुरुवात इथूनच केली, अहमदनगर नंतर वसवलं. त्याच्या आधी पाहायचं तर लेण्यांतले दानलेख वाचा. जुन्नरच्या आजूबाजूच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत, आणि देणारे कोण तर राजे फार कमी, धंदेवाले जास्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलंय. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांची संघटना, आजच्या आडत्यांच्या असोसिएशनसारखी म्हणा. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचं येतं, म्हणजे बुरूड आणि कासार बँकेचं काम करत होते, ठेव त्यांच्याकडे आणि त्यावरचं उत्पन्न लेण्याला. मला ही गोष्ट कुठल्याही लढाईपेक्षा भारी वाटते. आणि यवन! चंद नावाच्या यवनाचं दान जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या चैत्यावर (प्रार्थनेच्या लेण्यावर) कोरलंय, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिलाय. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचे. समुद्रापलीकडची माणसं घाट चढून जुन्नरला आली, कमावलं आणि त्यातून भिक्षूंना जेवायला हॉल बांधून दिला.

उंडगा

गावात कल्याण पेठ नावाची पेठ आहे ना? मग सिद्धच झालं, कल्याणचा माल तिथे उतरायचा. धागा बंद करा :D

मूळचा_जुन्नरचा

उंडगा, ह्या न्यायाने पुण्यात बुधवार पेठेत फक्त बुधवारीच माणसं राहतात. पेठ आहे, माझी मावशी राहते तिथे, पण पाटी वाचून इतिहास लिहू नका. त्यापेक्षा सौदागर घुमट बघा, गावाच्या पूर्वेला हापूसबागेकडे. निजामशाही काळातली कबर आहे, वरून खालपर्यंत दगडात कोरीवकाम, आत आवाज घुमतो. नावातच सौदागर आहे. तिकडे चिटपाखरू नसतं, तुमची १८ माणसं आरामात मावतील.

गडवाट_२

ब्राह्मी ताई, मुद्दा मान्य. तरी माझ्या मते गड सोडू नये.

नातवंडांची_आजी

मला एक सांगायचं आहे. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दगडी आहेत, एकेक चांगली उंच. मी ६८ ची, डोलीने गेले होते. डोलीवाले चार जण धापा टाकत होते आणि मी वर बसून रामरक्षा म्हणत होते, त्यांच्यासाठी. माकडं हातातली पिशवी ओढतात. पायवाट, तुमच्या आईंना विचारा त्यांना कुठे जायचंय, ट्रीपमध्ये म्हाताऱ्यांना कोणी विचारत नाही, नुसतं धरून नेतात.

पायवाट

आजी, आज रात्री विचारलं. आई म्हणाली "बाजारात जाईन, डोंगर तुम्ही बघा." तर प्लॅन उलटा केला. सकाळी बाजार, मग घुमट, जेवण, दुपारी नाणेघाट, परत. शिवनेरी आणि लेण्याद्री कॅन्सल. ग्रुपवर टाकलं तर दोघांनी अंगठा दिला, एकाने "मग जुन्नरला का जातोय" विचारलं आणि बाकीचे गप्प, म्हणजे गाडीत बोलणार.

पायवाट

जाऊन आलो. परवा आलो, काल झोपलो, आज लिहितोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवातच गाडीवरून. २० सीटची ठरवली होती, अॅडव्हान्स दिला होता, आली ड्रायव्हर धरून १७ ची आणि ५० मिनिटं उशिरा. फोनवर "साहेब लहान मुलं मांडीवर बसतील की." बसली. म्हणजे ७ वर्षांचा बसला, ११ वर्षांच्या मुलीने सरळ नाही सांगितलं त्यामुळे मी चाकणपर्यंत दोन सीटच्या मधल्या जागेत पाण्याच्या कॅनवर. पुढच्या वेळेला आदल्या रात्री गाडीचा फोटो मागवून घेणार. मंचरला नाश्ता, चिंचगुळ तुमचा हिशोब चुकला, ४० नाही ५५ मिनिटं लागली.

जुन्नरला पोचायला १० वाजले. गाडी बाहेर लावली (ऐकलं हो), आणि १८ जणांनी घोळक्याने फिरायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, चौघं-पाच जणांचे गट आणि ११:४५ ला परत गाडीपाशी. हे एक डोकं चाललं आमचं. १८ जण एकदम बाजारात शिरले की विकणारा पण घाबरतो, त्याला वाटतं पाहणी करायला कोणीतरी आलंय.

मी आईबरोबर. पहिली १५ मिनिटं मी तिला सातवाहन सांगत होतो. मग तिने माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली तू मागे चल. त्यानंतर मी फक्त ओझं उचललं आणि खरं सांगायचं तर बाजार तेव्हा दिसायला लागला. कडेला पोत्यावर एक बाई हिरडा घेऊन बसल्या होत्या, सुकलेला, काळपट, मला वाटलं खजूर खराब झालाय. आईने एक दाताखाली धरून बघितला आणि दोघी सुरूच झाल्या. कुठला डोंगर, कधी वेचला, आख्खा हिरडा वेगळा आणि बाळहिरडा वेगळा, बाळहिरडा म्हणजे कोवळं असतानाच गळलेलं नाहीतर काढलेलं फळ, व्यापारी त्याला भाव जास्त देतो. बाई घाटघरच्या बाजूच्या. म्हणजे आम्ही दुपारी जिथे ट्रीप म्हणून जाणार होतो तिथून त्या सकाळी डोक्यावर ओझं घेऊन निघाल्या होत्या, रस्त्यापर्यंत चालत आणि पुढे जीपने. मी तिथे उभा राहून विचार करत होतो की अरे, घाटाकडून माल जुन्नरच्या पेठेत येतोच आहे की अजून! मी ते पुस्तकात शोधत होतो आणि ते समोर पोत्यावर पडलं होतं. आईला म्हटलं तर म्हणाली अर्धा किलो घेऊ की एक.

मग घुमट. जुन्नरकरसाहेब, तुम्ही कमीच सांगितलं होतंत. भिंतीवर एक वीत जागा कोरी नाही, कोनाडे, जाळ्या, पट्ट्या. मुलांनी आवाज घुमवून घुमवून कान किट्ट केले. ज्याने "मग जुन्नरला का जातोय" विचारलं होतं तो पाऊण तास फोटो काढत होता, त्याला शेवटी ओढून आणला. माझ्या शेजाऱ्याने विचारलं व्यापाऱ्याची कबर एवढी मोठी कशी काय, मी म्हटलं ३ लाख होन. (ब्राह्मी ताई तुमचं वाक्य वापरलं, क्रेडिट दिलं नाही, सॉरी.)

जेवायला मासवडी. त्याशिवाय बंड झालं असतं.

नाणेघाटाला पोचलो ३:२० ला. वर गाडीतळापासून घाटाच्या तोंडापर्यंत सपाटच आहे, आई तिथवर आली, दगडी रांजणापाशी बसली. रांजण म्हणजे तोच, जकातीची नाणी टाकायचे म्हणतात तो. आम्ही बाकीचे नळीतून (घाटाची चिंचोळी वाट) खाली गुहेपर्यंत उतरलो, फार नाही उतरायचं पण पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, चपला घालून जाऊ नका, आमचे एक काका बसूनच उतरले.

आता गुहेबद्दल, कारण तिथे मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच झालं. नागनिका राणी, पहिल्या सातकर्णीची बायको, तिचा लेख दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, ब्राह्मी लिपीत. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका असे घराण्यातल्यांचे पुतळे होते, आता वर नावं आहेत आणि खाली फक्त पायांच्या खुणा. मोठ्यांनी २ मिनिटांत बघून सेल्फी घेतले. ११ वर्षांची मुलगी (तीच, मांडीवर न बसणारी) मात्र विचारायला लागली की ह्यात आकडे आहेत का. आहेत! अश्वमेध वगैरे यज्ञांत काय काय दान दिलं त्याची यादीच आहे, ११,००० गायी, १,००० घोडे, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण (तेव्हाची नाणी), आणि हे सगळं आकड्यांच्या खुणांनी लिहिलंय. भारतात आकडे कोरलेले जे सगळ्यात जुने लेख आहेत त्यातला हा एक. पण शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी, आणि चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेलाच चाराची खूण जोडायची. मी फोनवरचा तक्ता काढून दिला तर ती पोरगी जाळीला नाक लावून अर्धा तास ते शोधत बसली, तिला हजाराची खूण सापडली तेव्हा अशी ओरडली की खाली नळीत असलेला एक ट्रेकर थांबून वर बघायला लागला. तिची आई म्हणते घरी गणिताची वही उघडत नाही.

परत वर आलो तर आई रांजणापाशीच, खाली कोकणाकडे बघत. म्हणाली हे बैल चढायचे कसे रे, आणि उतरताना जास्त त्रास असणार. ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण मी फक्त चढणाराच माल वाचला होता. उतरताना पण काहीतरी भरलेलं असणारच ना गोण्यांत. तिथून निघालो, चावंडच्या अलीकडे अंधारलं. बिबट्या दिसला नाही, पण प्रत्येक कुत्रा दिसला की गाडीत सगळे गप्प.

घरी १० ला. माणशी ९५० आले, त्यातले दोघांचे अजून यायचेत, नावं घेत नाही पण त्यांनी हा धागा वाचलाय हे मला माहितीये.

चिंचगुळ

५५ मिनिटं! नोंद घेतली. दोघांचे पैसे विसरा.

ब्राह्मी_शिकतेय

त्या मुलीला माझ्याकडून खाऊ द्या. आणि आईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे, घाट दोन्ही बाजूंनी चालायचा. पठारावरचं कापड, धान्य खाली बंदराकडे जायचं. फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात जुन्नरला आला होता, जाताना अवघड वाटेने चढून त्याचा जीव मेटाकुटीला आला आणि परतताना नाणेघाटाने उतरला तेव्हा त्याला ही वाट कितीतरी बरी वाटली. मधल्या काळातला जुन्नरी कागद पण लक्षात घ्या, हाताने केलेला, इथे कागदी लोकांची वस्तीच होती आणि तो कागद दूरवर जायचा. जुनी दप्तरं उघडली की हातात येतो तो बऱ्याचदा हाच.

उंडगा

रांजणात नाणी टाकायचे ह्याला तरी पुरावा आहे का, की तो पण कल्याण पेठेसारखा?

मूळचा_जुन्नरचा

लोक म्हणतात तसं म्हणायचं, पायवाटांनी "म्हणतात"च लिहिलंय. लहानपणी आम्ही आत बघायचो, पाणी आणि वेफर्सची पाकिटं असायची. तुम्ही टाकलंत का काही?

पायवाट

७ वर्षांच्याने १ रुपया टाकला, मग परत मागितला.

गडवाट_२

वाचलं सगळं. हिरड्याचं आवडलं. पण परत येताना शिवनेरी लांबून तरी दाखवलात का मुलांना?

पायवाट

दाखवला की. बाजारातून कुठेही बघा, मान वर केली की गड दिसतोच, आईने तिथूनच हात जोडले. तुम्ही म्हणता तसं २ तास पाहिजेत, पावसाळा संपला की फक्त गडासाठी येऊ, तुम्ही चला बरोबर.

गडवाट_२

येतो. गाडी मी ठरवणार.

नातवंडांची_आजी

आईंना सांगा हिरडा उगाळून घ्यायचा, पूड करून डब्यात ठेवला की कोणी विचारत नाही त्याला. आणि किती घेतला शेवटी?

पायवाट

दोन किलो आजी. पूर्ण सोसायटीत वाटतेय.

मूळचा_जुन्नरचा

बाजाराचीच आवड लागली असेल तर बेल्ह्याचा बैलबाजार बघा एकदा, आमच्याच तालुक्यात. फक्त तो सोमवारी असतो, रजा टाकावी लागेल. आणि तिथे आईंना आधी विचारा, म्हातारी माणसं बैल बघायला लागली की दिवस मावळतो.

पायवाट

विचारलं. ती म्हणतेय रजा तुला टाकायचीये, मला नाही. सोमवारी कोण कोण रिकामं आहे सांगा, जास्तीत जास्त ६ जण, गाडी माझी.

चिंचगुळ

मी एक. बिनसाखरेचा चहा पिणारे नकोत.